जहागीरदाराची शेवटची दुपार

१

एखाद्या जिवाला देहदंड देणं ही जगातली सगळ्यात गंभीर गोष्ट आहे. त्यासाठी समाजाकडे हजारो वर्षांची संस्कृती लागते, कायद्याची परंपरा लागते आणि निकाल देणाऱ्याच्या मनात ईश्वराचं भय लागतं. धावडा गावाच्या अंगाला असलेल्या त्या पाऊणशे उंबऱ्यांच्या वाडीला एकूण अर्धा तास लागला, आणि त्यातली वीस मिनिटं सतरंजी शोधण्यात गेली.

निकाल ऐकवला तेव्हा आरोपी त्याच सतरंजीचा कोपरा चघळत होता.

आरोपीचं नाव जहागीरदार. वय तीन वर्षं, रंग काळा, कान लांब, धंदा काहीही नाही. बसून खातो म्हणूनच दुर्गाबाईनं या बोकडाचं नाव जहागीरदार ठेवलं होतं. तो जन्मला त्याच दिवशी शेळी मेली. दुर्गाबाईला मूलबाळ नाही, नवरा जाऊन बारा वर्षं झालेली. तिनं त्याला बाटलीनं दूध पाजलं, थंडीत आपल्या वाकळेत घेतलं आणि पुढे त्याच्या सगळ्या वाईट सवयींना गावभर फिरून पाठीशी घातलं.

गुन्हा साधा नव्हता. इकडे बरेच शेतकरी कंपन्यांसाठी मिरचीचं बियाणं तयार करतात. अंगदनंही हिरव्या जाळीचा मांडव, म्हणजे शेडनेट, उभारलं होतं. आत मादी झाडांच्या अठरा ओळी आणि पार टोकाला नर झाडांच्या दोन. गावातल्या बायका नराच्या फुलातला पराग चिमट्यानं घेऊन मादीच्या फुलाला लावत आणि त्या फुलाला दोरा बांधत. थोडक्यात, तिथं रोज सकाळी आठपासून बारापर्यंत लग्नं लागत होती. आणि आज उजाडता नवरदेवांची साठच्या साठ झाडं बुडापासून गायब. शेजारी जहागीरदार उभा, तोंडात मिरचीची एक डहाळी.

भरपाई द्यायची तर दुर्गाबाईला घर दोनदा विकावं लागलं असतं. तेव्हा तंटामुक्त समितीचे अध्यक्ष कडूबा यांनी मिशीवरून हात फिरवला.

"पाच वाजता बोकड कापायचा. मंग पोट उघडून पंचनामा करायचा. आत पानं सापडली की गुन्हा शाबीत."

"अन् न्हाई सापडली तर?" कुणीतरी विचारलं.

कडूबांनी त्या माणसाकडं कीव येऊन पाहिलं. "तर काय? मटण थोडंच वाया जातंय?"

आणि धावड्याला निरोप गेला, की मुलाण्याला जल्दी पाठवा.

२

बदरोद्दीन मुलाणी एक वाजता आला. चाळीस वर्षं आसपासच्या दहा गावांत बोकड कापण्याचा मान त्याच्याकडे होता. जत्रा असो, नवस असो, सुरी त्याचीच. निघताना बायको मैमूनानं विचारलं होतं, "कौनसी जत्रा है आज?" त्यानं काय ते सांगितलं. त्यावर ती एवढंच म्हणाली, "जानवर को सजा? सोच के जाना जी." तेव्हापासून ते वाक्य पायात खडा शिरावा तसं त्याला टोचत होतं.

पारावर चहा आला. त्यानं कप उचलला, ठेवला, पुन्हा उचलला. नवसाचं जनावर त्यानं कापलं होतं, लग्नाचं कापलं होतं. पण रागाचं कधी कापलं नव्हतं. हात कसा चालायचा?

जहागीरदार खुंट्याभोवती फेऱ्या मारत होता. गोल गोल फिरून दोर खुंट्याला गुंडाळायचा, मान अडकली की उलट फिरून सोडवायचा, पुन्हा गुंडाळायचा. दुर्गाबाई जवळच बसली होती. रडून झालं होतं.

"बदरूभाऊ," ती म्हणाली, "पाणी पाजून कापाल ना?"

"बिना पाण्याचं मी कधीच कापत न्हाई बाई."

"थंड न्हाई चालत त्याला. घसा धरतो."

बदरोद्दीन उठला. कोमट पाणी आणवलं. बोकड पाणी पीत असताना त्यानं सवयीनं त्याच्या अंगावरून हात फिरवला. पाठ, खांदा, मग डावी कूस. हात तिथंच थांबला.

शेळी-बोकडाचं पोट डावीकडे भरतं. रात्रभर चरलेल्या जनावराची डावी कूस मडक्यासारखी वर येते, आणि दुसऱ्या दिवसापर्यंत खाली बसत नाही. इथं त्याची अख्खी मूठ खड्ड्यात गेली.

"बाई, सकाळपासून ह्याला काय दिलं?"

"कुणी काय देऊ देईना. म्हणले, पंचनामा बिघडतो."

"अन् काल?"

"काल सांजच्याला हिंडायला गेला तो घरी आलाच न्हाई. म्हणलं येईल. सकाळी हा असा सापडला."

बदरोद्दीननं पुन्हा कूस चाचपली. साठ झाडं खाल्लेला हा बोकड काल संध्याकाळपासून उपाशी होता.

३

"कडूबा, मला शेडनेट बघायचंय."

"कापायचं इथं हाये अन् बघायचं तिथं?"

"जागा बघितल्याबिगर मी सुरी काढत न्हाई," बदरोद्दीननं ठोकून दिलं. असा कुठलाही रिवाज नव्हता. पण कडूबांना रिवाज म्हटलं की फार आदर वाटे, विशेषतः माहीत नसलेल्या रिवाजाबद्दल.

अंगद शेडनेटच्या दाराशी उकिडवा बसला होता. पस्तिशीतला पोरगा, दोन दिवसांची दाढी, हातातल्या काडीचे तुकडे करत होता.

"या चाचा. बघा काय ठेवलंय ते. उद्या कंपनीचे सायब येऊन राह्यलेत तपासायला. काय दाखवू त्यांला?"

"सकाळी तूच पहिला आल्तास?"

"मीच. कडी काढून आत गेलो, तर हा नबाब समोर उभा!"

"कडी काढून?"

"हो."

"कडी बाहेरून हाये."

"बाहेरूनच असती ना चाचा."

बदरोद्दीननं दाराकडे पाहिलं. लोखंडी कडी, वरून आडवी सरकवायची. त्यानं सरकवून पाहिली. बरीच घट्ट होती. बोकड आत गेला, हे समजण्यासारखं होतं. आत जाऊन त्यानं दार लोटलं, हेही एक वेळ संस्कार म्हणून सोडून देता आलं असतं. पण आत उभं राहून बाहेरची कडी त्यानं कशी लावली?

मागून आलेल्या कडूबांना त्यानं हे विचारलं.

"वाऱ्यानं लागली असंल," कडूबा म्हणाले.

आत अठरा ओळी हिरव्यागार उभ्या होत्या. फांद्यांवर लाल आणि पिवळे दोरे बांधलेले. एक पान तुटलेलं नव्हतं. जहागीरदार या अठरा ओळींतून मान खाली घालून, कुठंही तोंड न लावता, एखाद्या पाहुण्यासारखा सरळ टोकाला गेला होता म्हणे.

बदरोद्दीन टोकाला जाऊन खाली बसला. जमिनीतून वर आलेली बोटभर खोडं. त्यानं पहिल्या खोडाच्या माथ्यावर अंगठा ठेवला. गुळगुळीत. दुसरं गुळगुळीत. सगळी एकाच बाजूला तिरपी.

"कडूबा, बोकडाच्या वरच्या जबड्यात पुढं दात किती?"

"आता हे काय नवं?"

"सांगा तर."

"असतील आठ-धा."

"एकबी न्हाई. खाली दात, वर नुसती हिरडी. बोकड पाला ओरबाडतो, कापत न्हाई. त्यानं खाल्लेल्या झाडाचं बूड दातवणासारखं पिंजलेलं असतंय." त्यानं अंगठा वर धरला. "हे विळ्यानं कापलंय."

कडूबांनी मान हलवली. विचार केला. मग म्हणाले, "पण निकाल लागलाय ना आता. गावानं कांदे कापलेत."

अडीच वाजले होते.

४

"विळ्यानं कापलं असंल तर कुणी, ते सांग," कडूबा वाटेत म्हणाले. "आरोपी मोकळा सोडायचा तर दुसरा द्यावा लागंल. मोकळ्या हातानं गाव उठत न्हाई."

बदरोद्दीनच्या डोक्यात आता नुसती घरघर चालू होती. हे कुणाच्या फायद्याचं होतं? अंगदचं पीक गेलं. मजूर बायकांचं काम गेलं. बियाण्याचा हा प्लॉट गावात आणणारा कंपनीचा माणूस कल्याण, त्याची वरच्या साहेबांपुढची पत गेली. ज्याचं त्याचं नुकसानच. चोर असता तर त्यानं झाडं मुळासकट नेली असती. वैरी असता तर अठरा ओळीही ठेवल्या नसत्या.

विचार करत तो अंगदच्या घरी पोचला. अंगणात अंगदची आई दैवशाला लसणाच्या वाफ्याशी बसली होती. साठी ओलांडलेली, काटक बाई. दुर्गाबाईची आणि तिची मैत्री दोघी नव्या नवऱ्या म्हणून वाडीत आल्या तेव्हापासूनची.

"बसा भाऊ. चहा टाकते."

"नगं वहिनी. चहा आज उतरंना."

ती वाफ्याकडंच बघत होती. हातातल्या पाकळ्या मोजल्यासारख्या चाळवत होती. मग एकदम बोलली, "भाऊ, न्हाई कापला तर न्हाई का चालायचं?"

"तुमचंच तर नुकसान झालंय वहिनी."

"झालं ते झालं. मुकं जनावर ते. त्याला चारा नेऊन देते म्हणलं, तर कडूबा हात लावू देईनात."

बोलता बोलता तिची नजर वाफ्याच्या कडेला गेली. एका ओळीत चार बोटं जागा मोकळी होती. हात आपोआप पुढं झाला, बोटानं भोक पाडलं, पाकळी खोचली, माती दाबली. तिचं स्वतःचंही तिकडं लक्ष नव्हतं. पलीकडे न्हाणीच्या सांडपाण्यावर घरच्या मिरचीची रोपं दाटीवाटीनं उभी होती, ठेच्यापुरती.

"अंगद काय म्हणतो?" बदरोद्दीननं विचारलं.

"अंगद काय म्हणणार? तो मला त्यातलं काय सांगत न्हाई." ती उठली, पुन्हा बसली. "पाचलाच का हो भाऊ? उद्या न्हाई का जमणार?"

फिर्यादीची आई आरोपीसाठी मुदत मागत होती. बदरोद्दीन बाहेर पडला तेव्हा काहीतरी त्याच्या अगदी हाताशी आलं होतं आणि हातात येत नव्हतं.

५

मजूर बायकांची मुकादम साधना आणि कल्याण दोघंही शेडनेटपाशी सापडले. कल्याणच्या मोटरसायकलवर बसून ती त्याला खडसावत होती.

"तुमच्या कंपनीला म्हणावं, येत्या साली बोकडाला शिकवून पाठवा, मेल कुठला अन् फिमेल कुठला ते."

"ए बाई, माझी नोकरी जाऊन राह्यली अन् तुला मस्करी सुचती!"

बदरोद्दीननं दोघांना टोकाच्या ओळींशी नेलं. उन्हं तिरपी झाली होती आणि आता त्या खोडांच्या सावल्या पडल्या होत्या. काही सावल्या जाड, काही बारीक. मघाशी त्यानं फक्त खोडांचे माथे पाहिले होते. आता तो बाजूनं बघत मोजत गेला. एकोणपन्नास खोडं अंगठ्याएवढी. अकरा करंगळीएवढी.

"साधना, ही सगळी झाडं एकाच दिवशी लावल्याली?"

"एकाच दिवशी. माझ्याच हातानं."

"मंग ही अकरा बारीक का?"

ती वाकली. बराच वेळ वाकूनच राहिली. "अगं बया! लावल्यावर पंधरा दिसांनी अकरा झाडं मर रोगानं गेल्ती. मी अंगदभाऊला म्हणलं, जागा मोकळी दिसती. तो म्हणला राहू दे, मेलचं बी कंपनीकडून मोजूनच येतं. नंतर बघितलं तर भरलेली. मला वाटलं, कल्याणभाऊनी रोपं आणून दिली."

"मी?" कल्याणचा चेहरा उतरला. "मी एक रोप न्हाई दिलं. मला वाटलं, अंगदनं रोपवाटिकेतली जास्तीची लावली."

अंगदला हाक मारली. त्याला वाटलं होतं, कल्याणनं आणून साधनाकडून लावून घेतली. तिघांनीही डोळ्यांनी पाहिलं होतं आणि तिघांनीही विचारलं नव्हतं.

"दुसऱ्या जातीचं झाड ह्या ओळीत लागलं तर काय होतंय?" बदरोद्दीननं विचारलं.

"भेसळ," कल्याण म्हणाला. "तपासणीत एक जरी सापडलं तरी अख्खा प्लॉट बाद. हे तर मी परवा अंगदच्या ओट्यावर बसून सगळ्यांला समजावून सांगितलं."

"ओट्यावर? घरात कोण होतं?"

"घरातलेच. का?"

बदरोद्दीनच्या डोळ्यांसमोर एक हात आला. लसणाच्या ओळीत पाकळी खोचणारा.

ओळीत झाड मेलं की जी मोकळी जागा पडते तिला नांगी म्हणतात, आणि ती दुसरं रोप लावून भरायची असते. कपाशीत भरतात, तुरीत भरतात, मिरचीत भरतात. नांगी ठेवणारा शेतकरी आळशी, हे इथं लेकराला चालायच्या आधी कळतं. जन्मभर नांग्या भरलेल्या बाईला, ही एक ओळ अशी आहे की जिच्यात नांगी भरणं हा गुन्हा, हे सांगायचं कुणालाच सुचलं नव्हतं.

साडेचार वाजले होते. बदरोद्दीन जवळजवळ पळतच अंगदच्या घराकडे निघाला.

६

दैवशाला वाफ्याशीच होती. लसूण संपला होता, तरी बोटं मातीतच.

"वहिनी," तो उभ्या उभ्याच म्हणाला, "मला नांग्यांचं कळलंय. मी कुणाचं नाव घेणार न्हाई, ते माझं काम न्हाई. पण सुरी माझ्या हातात हाये अन् मान दुर्गाबाईच्या लेकराची."

तिनं वर पाहिलं नाही. तो पाराकडे निघाला.

पारावर सतरंजी पुन्हा अंथरली होती, आरोपीच्या पोचेच्या बाहेर. माणसं बसत नव्हती, उठत नव्हती, नुसती जागा बदलत होती. बदरोद्दीननं बाहेरच्या कडीचं सांगितलं. रिकामी कूस चार जणांना हात लावून दाखवली. मग त्यानं जहागीरदाराचा वरचा ओठ उचलला आणि गावानं जन्मात पहिल्यांदा बोकडाच्या तोंडात नीट पाहिलं.

"एकबी दात न्हाई की रं!" कुणीतरी दचकून म्हणालं. जणू तो आजच पडला होता.

"समजलं," कडूबा म्हणाले. "बोकडानं न्हाई कापलं. मंग कुणी?"

"मला जनावराचं कळतं. माणसाचं न्हाई सांगत मी."

"नाव न्हाई, तर निकाल हाये तोच. पाच वाजले. चालव सुरी."

दुर्गाबाईनं बोकडाच्या गळ्यात दोन्ही हात टाकले. बदरोद्दीननं सुरीच्या फडक्याची गाठ सोडली, सुरी काढली आणि तपासलेली धार पुन्हा तपासत राहिला. चाळीस वर्षांत पहिल्यांदा.

"थांबा!"

दैवशाला येत होती. डोक्यावर मिरचीच्या झाडांचा भारा, सुकलेला, त्यावर कडब्याच्या काड्या अडकलेल्या. तो तिनं सतरंजीच्या मधोमध टाकला.

"मी कापली. कडब्याच्या गंजीत लपवली. मला नांगी बघवंना म्हणून घरची अकरा रोपं लावली मी. परवा कल्याणचं बोलणं ऐकलं अन् झोपच उडाली. नुसती अकरा काढली असती तर अंगद म्हणला असता, हीच कशी गेली? म्हणून साठ कापली. हा काल सांजच्याला मोकाट हिंडत आला, त्याला रातभर गोठ्यामागं बांधून ठेवला. उजाडायच्या तोंडाला एक डहाळी तोंडात देऊन आत घातला अन् कडी लावली."

"दैवशाले!" दुर्गाबाईचा आवाज फाटला. "माझ्या लेकराच्या मानेवर सुरी ठेवलीस?"

"तुझा बोकड रोजच कुणाच्या तरी रानात असतो गं. म्हणलं, चार शिव्या बसतील अन् विषय मिटंल. मला काय म्हाईत कडूबा न्याय करतील!"

कडूबा सतरंजीचा रंग बघू लागले.

अंगद पुढं आला. तोंड पांढरं पडलं होतं. "आई, नांग्या भरल्या तवाच मला का न्हाई सांगितलं?"

"तू म्हणला असतास, तुला काय कळतंय त्यातलं."

अंगद खरंच तेच म्हणाला असता. तो खाली बसला आणि आईच्या पदराला अडकलेल्या कडब्याच्या काड्या एकेक करून काढू लागला.

"ती घरची झाडं फुलावर कधी आली?" कल्याणनं घाईनं विचारलं.

"ह्याच हप्त्यात," साधना म्हणाली. "म्हंजे पिवळ्या दोऱ्यात! लाल दोरे आधीच्या हप्त्यांतले. ते चोख हायेत."

"मंग पिवळा दोरा दिसंल ते फूल तोडून टाका. राजूरला ह्याच वाणाचा प्लॉट हाये आपला, रोज सकाळी डबीत पराग आणतो मी. निम्मं तरी वाचंल."

"अन् उद्या सायबाला काय सांगायचं?" अंगदनं विचारलं.

"खरं सांगू," कल्याण म्हणाला. थोडा विचार करून त्यानं पुस्ती जोडली, "न्हाई पटलं तर बोकडाचं सांगू."

निकाल कसा मागं घ्यायचा यावर थोडी चर्चा झाली. मग कुणीतरी सतरंजीच गुंडाळली, तेव्हा तो आपोआप मागं गेला. दैवशाला दुर्गाबाईजवळ जाऊन बसली. दोघी एकमेकींकडं पाठ करून बसल्या, पण पाठीला पाठ लावून.

बदरोद्दीन एकटा उभा होता. उन्हं उतरणीला लागली होती आणि हातातल्या उघड्या सुरीवर तांबूस उजेड आला होता. याच पात्यानं त्यानं किती जीव घेतले असतील, त्याला ठाऊक नव्हतं. आज पहिल्यांदा एक जीव या पात्याखालून उठून चालत गेला होता. मैमूनाला हे कसं सांगायचं, कुठल्या शब्दांत, याची तो मनाशी जुळवाजुळव करू लागला. तेवढ्यात बाहीला कुणीतरी हळूच ओढलं. डोळे पुसत दुर्गाबाई उभी होती, मागे दोरासकट जहागीरदार.

"बदरूभाऊ," ती म्हणाली, "सुरी काढलीच हाये तर ह्याची खुरं लई वाढलीत. तेवढी जरा तासून देता का?"